भाव विचारून ठेवणारे नाना

नानांना घड्याळ विकायचं आहे. २०१६ पासून विकायचं आहे.

घड्याळ एचएमटीचं, ‘जनता’. १९७९ साली लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. जावयाला अंगठी, सुटाचं कापड आणि घड्याळ द्यायचे ते दिवस. अंगठी फ्लॅटच्या हप्त्यांत गेली, सूट पोटावर बसेना, घड्याळ तेवढं उरलं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. ती बातमी वाचून नाना चहा अर्धवट टाकून उठले. “कारखाना बंद म्हणजे माल दुर्मीळ!”

असा एक नाना बहुतेक सोसायट्यांत सापडतो. कुणाकडे निवृत्तीच्या निरोप समारंभातलं टायटन असतं, कुणाकडे मेहुण्याने दुबईहून आणलेलं सिको. वस्तू हातची सोडवत नाही, पण तिचा आजचा भाव ठाऊक नसला तर जेवण जात नाही.

नानांनी आधी घड्याळजी गाठला. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ छापलंय, म्हणजे आत सतरा माणकं, असा त्यांचा हिशोब. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि चाकांच्या टोकांशी बसवलेले लालसर ठिपके दाखवले. “माणकंच आहेत काका, पण कारखान्यात बनवलेली. चाकं घासू नयेत म्हणून बसवतात. सराफ हातसुद्धा लावणार नाही.” नाना खट्टू झाले. पण आतलं चक्र तासाला अठरा हजार ठोके देतं हे कळल्यावर त्यांची कळी खुलली. आता तो आकडा ते भाजीवाल्यालाही सांगतात.

मग गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून त्यांनी पिवळट पडलेली तबकडी पोपटी रंगवून घेतली. नवी काच, नवा पट्टा, सर्व्हिसिंग. घड्याळ नवरदेवासारखं सजवून रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात नेलं. तिथे घड्याळं जमवणारा एक तरुण भेटला. बंगळूरला १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने कारखाना निघाला, पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली, हे सगळं नानांनी त्याला ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, तबकडी मूळची नाही. पिवळी असती तरी दुप्पट दिले असते. आता बाराशे.”

“विचार करून सांगतो,” म्हणून नाना परतले. घरी माई दारातच उभ्या. “आमच्या अण्णांनी दिलेलं घड्याळ बाराशेला काढताय?”

“काढत नाहीये गं. विचारून ठेवलं फक्त.”

रात्री वहीत हिशोब मांडला. रंग, काच, पट्टा, सर्व्हिसिंग मिळून पंधराशे चाळीस. बाराशेला दिलं तर तीनशे चाळीसचा तोटा, तेव्हा भाव चढेपर्यंत थांबायचं ठरलं. बंद घड्याळाला गिऱ्हाईक नाही म्हणून नाना रोज सकाळी दात घासल्यावर त्याला किल्ली देतात. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. रात्री सातच्या बातम्या लागल्या की नाना काटे जुळवून घेतात.