पासष्ट पेन्सचं तिकीट

आमचा हॅरोतला फोन त्या काळात दोनच कारणांसाठी वाजायचा. एक, माझा न झालेला अपघात. दोन, माझा पीपीआय. अपघात झाला नाही म्हटलं की पलीकडचा माणूस जरा हिरमुसायचा. पीपीआयच्या बाबतीत मात्र तो हार मानायचा नाही. “सर, तुमची फसवणूक झालेली आहे,” हे इतक्या आनंदानं सांगायचा की पेढे वाटावेसे वाटत.

एकदा असाच एक जण बोलत होता. नाव अस्सल इंग्रजी, उच्चार घासूनपुसून लख्ख केलेले. तेवढ्यात त्याच्या मागून कुणीतरी ओरडलं, “ए, माझा वडापाव कुणी घेतला?” मी मराठीत विचारलं, “कुठून बोलताय?” क्षणभर शांतता. मग, “मँचेस्टर, सर.” आणि एक आवंढा गिळून, अगदी हळू आवाजात, “काका, टार्गेट आहे हो.”

पीपीआय म्हणजे कर्जाच्या हप्त्यांचा विमा. आजारी पडलात, नोकरी गेली, तर हप्ते विमा कंपनी भरणार. कल्पनेत खोट नाही. पण १९९० ते २०१० या काळात ब्रिटनमध्ये हा विमा नको म्हणणाऱ्याला विकला गेला, न विचारणाऱ्याला विकला गेला आणि ज्याला त्याचा काडीचा उपयोग नाही अशालाही विकला गेला. मी तिसऱ्या वर्गातला. २००५ साली गाडीसाठी तीन हजार पौंडांचं कर्ज काढलं तेव्हा मी कंत्राटावर काम करणारा संगणकवाला होतो, स्वतःच स्वतःचा मालक. माझी नोकरी जायची तर मलाच मला काढून टाकावं लागलं असतं. पण शाखेतला टाय लावलेला मुलगा म्हणाला, “हे घेतलंत की कर्ज लवकर पास होतं.” जिथे जिथे त्यानं पेन्सिलीनं फुली मारली होती, तिथे तिथे मी सही केली. विम्याची सगळी रक्कम आधीच कर्जात मिळवली होती, म्हणजे विम्यावरही व्याज. नको असलेली वस्तू मी उधारीवर घेतली होती आणि हे मला बारा वर्षांनी कळलं.

२०११ साली या विम्याच्या खटल्यात बँका हायकोर्टात हरल्या, अपील करायचं नाही असं त्यांनी ठरवलं आणि परतफेडीचा जो लोंढा सुटला तो अडतीस अब्ज पौंडांच्या पुढे गेला. भंडारा म्हटला की वाढपी आलेच. हे वाढपी मात्र वाढता वाढता पानातलंच उचलत. त्यांना क्लेम कंपन्या म्हणत.

ऑगस्ट २०१७ मध्ये बँकांच्या नियामकानं दाव्यांची मुदत जाहीर करायला टीव्हीवर जाहिरात आणली. अर्नोल्ड श्वार्झनेगरचं रबरी मुंडकं, खाली रणगाड्याचे पट्टे, आणि ते लोकांवर खेकसतंय की काय ते आत्ताच ठरवा! शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९. या मोहिमेचे ४ कोटी २० लाख पौंड बँकांकडूनच वसूल केले होते, हे वाचून मला जरा बरं वाटलं. बायकोनं ते मुंडकं पाहिलं आणि ती माळ्यावर चढली.

खाली आली ती डॅनिश बिस्किटांचा निळा डबा घेऊन. इतरांकडे या डब्यात सुईदोरा असतो, आमच्याकडे बँक. तिच्या जुन्या क्रेडिट कार्डाची स्टेटमेंटं तिनं जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखी मांडली. प्रत्येकावर, वरून चौथ्या ओळीत, मुंगीच्या अक्षरांत ‘पेमेंट कव्हर’ आणि पुढे चार पौंड काही पेन्स.

“हे काय आहे हो?”

“असेल काहीतरी बँकेचं.”

“बँकेचं आहे तर मी का भरलं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तिनं लोकपालाची, म्हणजे फायनान्शियल ऑम्बुड्समनची, फुकट मिळणारी प्रश्नावली छापून घेतली, दोन संध्याकाळी बसून भरली, एक पानी पत्र जोडलं आणि पासष्ट पेन्सचं फर्स्ट क्लासचं तिकीट चिकटवून पाकीट पेटीत टाकलं. बँकेला उत्तराला आठ आठवडे. नाही म्हणाली तर लोकपाल, तोही फुकट. मार्टिन लुईस नावाचा पत्रकार वर्षानुवर्षं याच गोष्टीसाठी कंठशोष करत होता. मी तो ऐकायचो, आणि मग चॅनेल बदलायचो.

कारण मला व्यवस्थित, व्यावसायिक काम हवं होतं. मी एका क्लेम कंपनीला फोन केला. “जिंकलो नाही तर फी नाही,” बाई म्हणाल्या. जिंकलो तर तीस टक्के अधिक व्हॅट. तीस टक्के मला ऐकू आलं. ‘अधिक व्हॅट’ बहुधा त्यांनी मुंगीच्या आवाजात म्हटलं असावं.

आठवड्याभरात कंपनीचं जाडजूड पाकीट आलं. गुळगुळीत फोल्डर, वरती हसणारं म्हातारं जोडपं, आत एक पत्र: सोबतची प्रश्नावली भरून पाठवावी. सोबत लोकपालाची प्रश्नावली होती. तीच. पानांच्या आकड्यांसकट तीच. कर्जाची तारीख, रक्कम, त्या वेळी तुम्ही काय काम करत होता, विकणारा नेमकं काय म्हणाला, सगळं मीच आठवायचं होतं. मी ती बायकोच्या प्रतीत बघून भरली. शाळेतही मी असाच पास झालो.

निकाल लागला. बायकोचं पत्र सातव्या आठवड्यात आलं, १०९० पौंड मंजूर. माझेही १४०० मंजूर झाले: विमा आणि त्यावरचं व्याज मिळून ७४०, आणि इतकी वर्षं पैसे अडकल्याबद्दल आठ टक्के सरळ व्याजानं ६६०. या ६६० वर बँकेनं वीस टक्के कर कापला, १३२ पौंड. हातात येणार १२६८. पण त्या चेकच्या आधी, दोन दिवस आधी, कंपनीचं बिल आलं. १४०० चे तीस टक्के ४२०, त्यावर व्हॅट ८४, एकूण ५०४. म्हणजे कापलेल्या करावरही त्यांनी फी लावली होती. जो पैसा मी पाहिलाही नाही त्यातही त्यांचा वाटा होता.

“तुमचे किती राहिले?” बायकोनं विचारलं.

“सातशे चौसष्ट.”

“मला तिकिटाला पासष्ट पेन्स पडले,” ती म्हणाली. पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझीही एक बाजू आहे. बँकेचं पाकीट दिसलं की मी ते फ्रिजवर ठेवतो आणि ते पिकायची वाट पाहतो. ही माझी प्रकृती आहे. ५०४ पौंड मी टपालाचे दिले नाहीत, बँकेशी माझ्या वतीनं दुसरं कुणी वैर घेतंय या समाधानाचे दिले. आणि तुलनाच करायची तर श्रीमती प्लेविन यांचा खटला बघा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयात गाजला. त्यांच्या विम्याच्या ५७८० पौंडांपैकी ७१.८ टक्के नुसतं कमिशन होतं आणि त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. त्या मानानं माझी कंपनी वारकरीच म्हणायची. तीस टक्के म्हणाली, तीस घेतले. व्हॅट तर राणीचा.

जुलै २०१८ मध्ये कायद्यानं ही फी वीस टक्के अधिक व्हॅटवर आणली. ती बातमी बायकोनं मला चहाबरोबर वाचून दाखवली. मी काही महिने आळस केला असता तर १६८ पौंड वाचले असते. आयुष्यात एकदाच तत्परता दाखवली, तीही चुकीच्या वेळी.

मग एका रविवारी ती पुन्हा टेबलावर कागद मांडून बसलेली दिसली. २०१६ पासून साधारण करदात्याला हजार पौंडांपर्यंतच्या व्याजावर कर नाही, पण बँका या परतफेडीत तो कापूनच देत. आर-४० नावाच्या फॉर्मवर तो परत मागता येत असे. तिचा भरून झाला होता.

“अगं, माझे एकशे बत्तीस आहेत त्यात. माझाही भर ना.”

“भरते की. तीस टक्के.”

मी हसलो. ती हसली नाही.

“अधिक व्हॅट,” ती म्हणाली.

मी पेन काढलं आणि सही कुठे करायची ते विचारलं. तिनं पेन्सिलीनं फुली मारून ठेवलीच होती.