सिल्की सुलिव्हन यांस, जागा रिकामी करण्याबाबत

प्रति,
श्री. सिल्की सुलिव्हन (घोडा),
मुक्काम : धावपट्टीच्या मधली हिरवळ,
गोल्डन गेट फील्ड्स, आल्बनी, कॅलिफोर्निया

विषय : मैदान बंद झाल्यामुळे जागा रिकामी करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

आपण १९७७ सालापासून वरील पत्त्यावर पडून आहात. एवढ्या काळात भाडे, देखभाल किंवा पार्किंग यांपैकी कशाचाही छदाम आपण भरल्याची नोंद नाही. एका बाजूला सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर, समोर गोल्डन गेट पूल, पाठीमागे आय-८० हा हमरस्ता. असल्या मोक्याच्या जागी आमच्या ओळखीतल्या भल्याभल्यांना उभं राहण्यापुरती फरशी परवडत नाही, आणि आपण चांगले आडवे. ९ जून २०२४ रोजी, रविवारी, येथे शेवटची शर्यत धावून झाली. तेव्हा आपला इथे राहण्याचा हक्क काय, असा प्रश्न आज ना उद्या निघणारच.

खरं तर ही नोटीस मालकांकडून यायला हवी. पण घोड्यांशी पत्रव्यवहार करणारा विभाग त्यांच्याकडे नसावा. म्हणून मी लिहितो आहे. मी कोण? दोन डॉलरची पैज लावून दोनशे डॉलरचा आरडाओरडा करणारा, कठड्याशी उभा असलेला प्रेक्षक. धंद्याच्या हिशेबात माझीही नोंद नाही, त्यामुळे आपलं जमेल.

प्रथम आपल्या सेवापुस्तकाविषयी. ते तपासता असं दिसतं की आपण कोणत्याही कामाला वेळेवर लागला नाहीत. १९५७ च्या डिसेंबरात याच मैदानावर, गोल्डन गेट फ्युचुरिटीत, आपण २७ लांबी मागे होतात. पुढच्या फेब्रुवारीत सांता अनिताला साडेसहा फर्लांगांच्या शर्यतीत तर ४१ लांबी. घोड्याची लांबी आठ फूट धरली तर हे सव्वातीनशे फुटांच्या पुढे जातं. साडेसहा फर्लांग म्हणजे सव्वा मिनिटाचा मामला. त्यात एवढं मागे राहायचं म्हणजे त्यालाही काही एक कसब लागत असणार. मग शेवटच्या वळणावर आपल्याला काहीतरी आठवायचं, बहुधा शर्यत चालू असल्याचं, आणि आपण निघायचात. दोन्ही शर्यती आपण जिंकलात. मार्चमध्ये सांता अनिता डर्बीला ६१ हजार लोक जमले होते. तिथेही २८ लांबी मागून येऊन साडेतीन लांबीने. आपल्या पाठीवर बसलेल्या बिल शूमेकरसारख्या नामांकित जॉकीला अर्धी शर्यत नुसतं बसून राहण्याचे पैसे मिळाले.

आमच्या या सिलिकॉन खोऱ्यातल्या कुठल्याही कंपनीत पहिल्याच तिमाहीत आपल्या हातात नारळ पडला असता.

त्यानंतर केंटकी डर्बी. आपल्यासाठी दूरचित्रवाणीवाल्यांनी पडद्याचे दोन भाग केले. एका भागात बाकी सगळे घोडे आणि दुसऱ्यात आपण एकटे, कारण दोघांना एका चौकटीत बसवणं कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर होतं. सगळा देश श्वास रोखून वाट पाहत होता की आता निघेल, आता निघेल. आपण निघाला नाहीत. बारावे आलात. वरातीमागून घोडं म्हणतात ते त्या दिवशी अमेरिकेने घरबसल्या पाहिलं. ती डर्बी टिम टॅमने जिंकली. पण आल्बनीच्या कठड्यावरच्या म्हाताऱ्यांना १९५८ चं विचारलं की ते टिम टॅमबद्दल बोलत नसत, आपल्याबद्दल बोलत. २७ शर्यतींत १२ विजय हा काही फोटो करून भिंतीवर लावावा असा आकडा नाही. तरी निवृत्तीनंतर दरवर्षी सेंट पॅट्रिकच्या दिवशी आपल्याला इथे मिरवत आणत. तेव्हा लोक पैज लावायला येत नसत, नुसतं पाहायला येत. वाढदिवसाला आपल्या नावे टपाल यायचं. आम्हाला येतं ते बँकेचं.

मी आपल्याला पाहिलेलं नाही. माझं इथे येणं फार नंतरचं. पुण्यात आमच्या घरी रेसकोर्सचं नाव निघालं की आई विषय बदलायची. रेसच्या नादाने कोणाचा वाडा गेला, कोणाच्या बायकोच्या पाटल्या गेल्या, याची उजळणी आजी करायची. इथे आल्यावर मला अडवणारं कोणी उरलं नाही. रविवारी एका डॉलरात प्रवेश, एका डॉलरात बिअर, आणि समुद्रावरचा वारा फुकट. चारचौघांना सांगताना मी ‘समुद्रकिनाऱ्यावर फिरायला जातो’ असं सांगत असे. ते शब्दशः खरंच होतं.

स्थलांतराला आपली हरकत असल्यास पूर्वीचा एक दाखला देतो. आपल्या आधी, १९५० च्या जूनमध्ये, याच मातीवर सायटेशन आणि नूर यांची जुंपली होती. सायटेशन म्हणजे १९४८ चा ट्रिपल क्राउन विजेता, त्या काळचा बादशहा. त्याने ३ तारखेला एक मैल १ मिनिट ३३ सेकंद आणि वर तीन पंचमांशात कापून विश्वविक्रम केला. १७ आणि २४ तारखेला नूरने त्याला दोनदा हरवलं, आणि दोन्ही वेळा नवा विश्वविक्रम करून हरवलं. एकाच मैदानावर एका महिन्यात तीन विश्वविक्रम. हा नूर आयर्लंडात आगाखानांच्या पागेत जन्मला. पुण्यात येरवड्याच्या वाटेवर ज्यांनी महाल बांधला तेच हे तिसरे आगाखान. त्यामुळे आम्हा पुणेकरांना नूर घरचा वाटला तर त्यात नवल नाही. पुणेकरांना पुष्कळ गोष्टी घरच्या वाटतात. तर नूरला कॅलिफोर्नियातच, ग्रास व्हॅलीजवळच्या रँचवर पुरलं होतं. पुढे त्या जमिनीवर बांधकाम होणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा एका चाहतीने खटपट करून २०११ मध्ये त्याचे अवशेष उकरून काढवले आणि केंटकीतल्या निवृत्त घोड्यांच्या आश्रमात नेऊन पुन्हा पुरले. म्हणजे सायटेशनला इथे दोनदा मागे टाकणाऱ्या घोड्यालाही जमिनीच्या भावापुढे जागा सोडावी लागली. आपण तर केंटकीत बारावे.

आता याच मैदानावरच्या लॉस्ट इन द फॉग या घोड्याविषयी. त्याची आपली भेट झाली असती तर पटलं नसतं. आपण शेवटून पहिले, तो पहिल्यापासून पहिला. गेट उघडलं की तो पुढे असायचा, आणि मागे पाहायची त्याला गरज पडत नसे. मालक हॅरी एलिओ, सॅन फ्रान्सिस्कोतला पंच्याऐंशीच्या घरातला घर-जागेचा दलाल. जन्मभर लोकांना घरं विकली, पण या घोड्याला लाखो डॉलरची मागणी येऊनही माणूस ढिम्म हलला नाही. असे दलाल आता निघत नाहीत. निघते तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. ट्रेनर ग्रेग गिलख्रिस्ट, पाठीवर रसेल बेझ. तीनही माणसं इथली, घोड्याचा तबेलाही इथे. मोठ्या घरांचे घोडे केंटकी-न्यूयॉर्कला असायचे. आमच्या वाट्याला यायचे गुडघ्यांना बर्फ बांधलेले, स्वस्तातले. त्यात हा एक आला आणि पहिल्या दहाही शर्यती जिंकला. २००५ च्या त्या मोसमात कठड्यावर अनोळखी माणसं एकमेकांशी नातेवाइकांसारखी बोलत. नेहमीच्या रांगेतला एक फिलिपिनो गृहस्थ त्याच्यावर दोन डॉलरचं तिकीट काढायचा आणि जिंकल्यावर वटवायचा नाही. दोन डॉलर दहा सेंट मिळाले असते, त्यापेक्षा तिकीट बरं, म्हणायचा.

अकराव्या वेळी, न्यूयॉर्कच्या ब्रीडर्स कप स्प्रिंटमध्ये, तो सातवा आला. तरी त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम स्प्रिंटर तोच ठरला. पुढच्या वर्षी तो पूर्वीसारखा पळेना, आणि आम्ही कठड्यावरचे तज्ज्ञ जॉकीला दोष देऊ लागलो. ऑगस्टमध्ये पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे नेलं तर कर्करोगाच्या गाठी निघाल्या. त्या अंगात घेऊन तो पळत होता. १७ सप्टेंबर २००६ रोजी त्याला निरोप दिला. चार वर्षांचा होता.

आणखीही पुष्कळ होते. १९८४ मध्ये नऊ वर्षांच्या जॉन हेन्रीने इथे गोल्डन गेट हँडिकॅप मारली. या घोड्याला लहानपणी अवघी ११०० डॉलर किंमत आली होती. २०१३ मध्ये शेअर्ड बिलीफ आपली पहिली शर्यत इथेच पळाला. रसेल बेझने निवृत्त होईपर्यंत १२,८४२ शर्यती जिंकल्या, त्यातला मोठा वाटा याच भागातला. आणि एक करडा होता, ज्याचं नाव मी सांगणार नाही, कारण त्याच्या पोराबाळांच्या अब्रूचा प्रश्न आहे. त्याच्यावर दोन-चारदा लावून पाहावं तर तो तिसरा. वैतागून सोडून द्यावं तर पहिला. माणसाची एवढी अचूक पारख असलेलं जनावर मी दुसरं पाहिलेलं नाही.

आपल्याला वाटेल की एवढं सगळं असताना मैदान बंद का झालं. लोकांना घोडे नकोसे झाले म्हणून नव्हे. आपल्या काळी पैज लावायची तर मैदानात यावं लागे. आता फोनवर लावता येते, आणि घोडा फ्लोरिडात पळो की ऑस्ट्रेलियात, लावणाऱ्याला फरक पडत नाही. त्यामुळे स्टँडमध्ये चिटपाखरू नसलं तरी पैसा फिरत राहतो. मग स्टँड कशाला, आणि समुद्राकाठची एवढी जमीन तरी कशाला? सॅन मटेओचं बे मेडोज मैदान २००८ मध्येच गेलं होतं. शिवाय घोडेही कमी झाले आहेत. १९८६ मध्ये उत्तर अमेरिकेत शर्यतीची सुमारे ५१ हजार शिंगरं जन्मली; आता अठरा हजारांच्या आत. २०२३ च्या जुलैत मालकांनी मैदान बंद करण्याचं जाहीर केलं, तेही याच हिशेबाने : उत्तरेत कुलूप लावलं की घोडे दक्षिणेत सांता अनिताला जातील आणि तिथल्या शर्यती भरगच्च होतील. हिशेब चोख आहे. त्यात आपल्या वाढदिवसाची पत्रं कुठल्या रकान्यात मांडायची, एवढंच राहून गेलं.

प्राणिहक्कवाले याचं श्रेय घेतील, त्यांनी जरूर घ्यावं. २०२१ च्या मार्चमध्ये त्यांचे चार जण धावपट्टीवर येऊन आडवे झाले होते. (आडवे होण्यात आपला त्यांच्याहून जुना अनुभव.) त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घोडे पाय मोडून मरतात, इथेही मेले, आणि कठड्यावरच्या आमच्यासारख्यांनी त्या वेळी मान वळवली. दयेपोटी हे मैदान बंद झालं असतं तर मी हे पत्र लिहिलं नसतं. मुकाट्याने टोपी काढली असती. पण दया कोणाला आली नाही. ज्या घोड्यांचा पळून जीव जाईल म्हणून ओरड होती, त्यांना ट्रकमध्ये घालून दुसरीकडे पळायलाच पाठवलं. तबेल्यांशेजारच्या खोल्यांत राहणारे मोतद्दार, बहुतेक मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे, पहाटे चारला उठून खरारा करणारे. त्यांचं काम आणि घर दोन्ही गेलं. त्यांच्यासाठी धावपट्टीवर कोणी झोपलं नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट आहे, ती न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. आल्बनीत १९९० पासून असा कायदा आहे की किनाऱ्यालगतच्या जमिनीचा वापर बदलायचा तर गावाचं मतदान घ्यावं लागतं. घोड्यांना मत नाही. मयतांनी मतदान करण्याची सोय आमच्या देशात अधूनमधून होते, इथे ती नाही. तरी सारं गाव एका रांगेत उभं राहून ठरवणार म्हटल्यावर काम रेंगाळणार, आणि रेंगाळणाऱ्या शर्यतीत आपला हात कोण धरणार? घोडामैदान जवळच आहे असं आम्ही म्हणतो. इथे मैदान गेलं तरी घोडा जागेवर आहे, हेही काही कमी नाही.

तेव्हा ही नोटीस मिळाली असं समजून आपण नेहमीप्रमाणे तिच्याकडे दुर्लक्ष करावं, ही विनंती. त्या जमिनीवर पुढे घरं होवोत, बाग होवो नाहीतर गोदाम. जो कोणी आराखडा काढील त्याने हिरवळीतली ही एक जागा आधी आखून घ्यावी. एका घोड्याला असं किती लागतं?

आपला,
दोन डॉलरवाला

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्रातील वाचक. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानातली १२० एकर जागा बागेसाठी घेण्याचं ठरलं आहे. उरलेल्या जागेत शर्यती राहतील असं सांगतात. पुण्याचा पावसाळी मोसम जुलैत सुरू होतो. पैज लावा किंवा लावू नका, पण फोनवर पाहू नका. तिकीट काढून आत जा.