मूळपुरुष

कुठेही चार सूर वाजले की आमचे अप्पा मान तिरकी करतात, डोळे बारीक करतात आणि पाचवा सूर लागायच्या आत निकाल देतात, ‘हे मूळचं नाही.’ मग मूळचं कुणाचं, हे सांगायला त्यांना चहा लागतो. काकू या सवयीला मूळव्याध म्हणतात, पण ते घरात. बाहेर ‘यांना गाण्यातलं फार कळतं’ असंच सांगतात. असे अप्पा प्रत्येक सोसायटीत एकतरी असतात; नसतील तर बिल्डरने ताबा देताना फसवलं असं समजावं.

गाणारा पुरुष असला की अप्पांचा तपास जरा सैल पडतो. किशोरकुमारने जिमी रॉजर्सचं यॉडलिंग ऐकून आपल्या गळ्यात मुरवलं, तर ती प्रेरणा. पण गाणारी मुलगी असली, त्यातून विशीच्या आतली असली, आणि त्याहून वाईट म्हणजे लोकांना आवडत असली, तर अप्पांचा पार फौजदार होतो. ती कुणासारखी गाते, तिला कुणी पुढे आणलं, तिच्या मागे कोण आहे, सगळं निघतं. ती गाते कशी, तेवढं राहून जातं.

त्यांची पहिली केस नाझिया हसन. साल 1980. आम्ही तेव्हा गिरगावात एकाच चाळीत होतो. अप्पा सव्विशीचे, नुकतेच बँकेत चिकटलेले. मी दहा वर्षांचा. ‘कुर्बानी’ लागला आणि त्या वर्षीच्या गणपतीत आरती संपली की कर्ण्यावर ‘आप जैसा कोई’ सुरू. आम्ही पोरं त्यातल्या ‘बात’चा ‘बाप’ करून ओरडायचो आणि खऱ्या बापाचा मार खायचो. पडद्यावर झीनत अमान, आणि आवाज पंधरा वर्षांच्या एका मुलीचा. जन्म कराचीचा, राहायला लंडनला. फिरोज खानने तिला तिथे एका पार्टीत हेरलं आणि संगीतकार बिड्डूकडे नेलं. बाकी सिनेमाची गाणी कल्याणजी-आनंदजींची. हे एकच बाहेरून आणलेलं.

अप्पांनी तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून फैसला सुनावला. ‘नाकात गाते.’

आता ती नाकात गायची हे खरंच आहे. पण त्या आवाजावर तोच आवाज चढवून बिड्डूने असं काही केलं होतं की एकच मुलगी जिन्याच्या वर आणि खाली, दोन्हीकडे उभी राहून गातेय असं वाटावं. हिंदी सिनेमाच्या गाण्यात हे नवीन होतं. अप्पांना ते लाउडस्पीकरचा दोष वाटला आणि ते मंडपवाल्याला झापून आले.

नाक झाल्यावर मूळ. ‘हे बोनी एमचं आहे,’ अप्पा म्हणाले. आठवड्याने ते डोना समरचं झालं. दिवाळीपर्यंत ते आशाबाईंच्या ‘पिया तू’पर्यंत मागे गेलं होतं. बिड्डू हा बंगळूरचा माणूस, 1974 साली त्याच्या ‘कुंग फू फायटिंग’ने विलायतेत धमाल उडवली होती, हे कुणीतरी सांगितलं तर अप्पा म्हणाले, ‘बघा, म्हणजे कराटे!’ या बिड्डूचं पूर्ण नाव बिड्डू अप्पय्या. नावात एवढं अप्पा असूनही आमच्या अप्पांनी त्याला कधी माफ केलं नाही.

‘पंधराव्या वर्षी पोरींनी रियाज करावा, रेकॉर्डिंग नव्हे,’ हे त्यांचं त्या काळचं लाडकं वाक्य. माझे वडील गाण्यातले दर्दी. त्यांनी एकदा शांतपणे आठवण करून दिली की लताबाई तेराव्या वर्षी ‘किती हसाल’साठी गायल्या होत्या, आणि आशाबाई तर दहाव्या वर्षीच ‘माझं बाळ’मध्ये. अप्पा क्षणभर थबकले. मग म्हणाले, ‘लताचं ते गाणं सिनेमातून काढून टाकलं होतं. म्हणजे माझंच म्हणणं त्या लोकांनाही पटलं होतं.’ अशा माणसाशी वाद घालता येत नाही. वडिलांनी सुपारी कातरायला घेतली.

पुढल्या वर्षी नाझियाला ‘फिल्मफेअर’ मिळालं. त्याच वर्षी तिची आणि भाऊ झोहेबची ‘डिस्को दीवाने’ आली, आणि अप्पांचं लग्नही झालं. रुखवतात कुकर होता, बारा वाट्या होत्या आणि मेहुण्याने हौसेने दिलेली ‘डिस्को दीवाने’ची कॅसेट होती. टेपरेकॉर्डर मात्र नव्हता. तो पुढे तीन वर्षांनी, बँकेचा बोनस जमवून आला. तोवर ती कॅसेट शोकेसमध्ये ताजमहालाशेजारी उभी होती, आणि ती तीन वर्षं अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातल्या एकेका गाण्यात काय बिघडलंय ते समजावून सांगत. न ऐकलेल्या गाण्याबद्दलचं मत फार टिकाऊ असतं. ऐकलं की त्याला वाळवी लागते.

1995 साली अलिशा चिनॉयची ‘मेड इन इंडिया’ आली. संगीत पुन्हा बिड्डूचं. इथे अप्पांना पहिल्यांदा रास्त संधी होती. नाझियाने वाट पाडली आणि अलिशा त्या वाटेवरून गेली, असं म्हणायला आधार होता. सिनेमाशिवायही हिंदी गाणी तडाखेबंद खपतात हे त्या भावाबहिणीने बारा-चौदा वर्षं आधीच दाखवलं होतं. अप्पांनी टीव्ही बघितला आणि म्हणाले, ‘ही मॅडोनाची नक्कल.’ मी म्हटलं, ‘अप्पा, अहो नाझिया...’ ते म्हणाले, ‘त्या नाकातलीचं नाव काढू नकोस.’

13 ऑगस्ट 2000 रोजी नाझिया लंडनमध्ये गेली. कर्करोगाने, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. अप्पांनी पेपर वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘काय आवाज होता!’

काकूंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

त्या दिवसापासून नाझिया ‘मूळची’ झाली. शोकेसमधली कॅसेट निघाली, पेन्सिल घालून फीत घट्ट झाली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आता एकेका गाण्यात काय साधलंय ते ऐकावं लागू लागलं. नाकातला आवाज हा ‘मुद्दाम ठेवलेला निरागसपणा’ ठरला. 2012 मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’वाल्यांनी ‘डिस्को दीवाने’ पुन्हा केलं, तेव्हा तर अप्पा घरातलं सोनं चोरीला गेल्यासारखे अस्वस्थ झाले. एकूण अप्पांच्या पसंतीस उतरायचं तर गायिकेला मरावंच लागतं. अलिशाबाईंना उदंड आयुष्य लाभो; तूर्त त्या नक्कलच आहेत.

आता अप्पा ठाण्यात असतात, एकाहत्तरीचे आहेत आणि कानाला मशीन लावतात. मशीन लागलं म्हणून तपास थांबलेला नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा नात त्यांना बिली आयलिश ऐकवत होती. ही लॉस एंजेलिसची मुलगी दबक्या आवाजात, जवळजवळ कुजबुजत गाते. अप्पांनी दोनदा मशीन काढलं, फुंकर मारली, परत घातलं आणि काकूंना म्हणाले, ‘अगं, सेल संपले वाटतं.’

‘आजोबा, सेल नाही संपले. ती तशीच गाते.’

‘मग तिचे संपले असतील.’

नातीने माहिती पुरवली. 2001चा जन्म. पहिला अल्बम आईवडिलांच्या घरी, भावाच्या झोपायच्या खोलीत रेकॉर्ड केला. भाऊ फिनियस संगीत करतो, दोघं मिळून लिहितात. 2020 साली ग्रॅमीची चारही मोठी बक्षिसं एका रात्रीत घेतली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. बाविसाव्या वर्षापर्यंत दोन ऑस्कर. आता जगभरच्या कितीतरी मुली तिच्यासारख्या कुजबुजतात.

अप्पा ‘भाऊ’ या शब्दाशीच थांबले होते. ‘भाऊबहीण? म्हणजे हे नाझिया-झोहेबचं! मूळ तिथे आहे.’

‘आजोबा, तिने नाझिया ऐकली असेल असं कुठेच आलेलं नाही.’

‘ऐकायला कशाला पाहिजे? प्रभाव हवेतून होतो.’

‘अहो,’ काकू आतून म्हणाल्या, ‘ती नाकात गायची ना?’

अप्पांनी मशीन काढून ठेवलं. ही त्यांची जुनी सोय आहे.

नात हट्टी आहे, आजोबांवरच गेली आहे. तिने पुन्हा मशीन लावायला लावून ‘बॅड गाय’ लावलं आणि त्यातली टकटक ऐकवली. ती टकटक सिडनीतल्या रस्ता ओलांडायच्या सिग्नलची; बिलीने फोनवर टिपून गाण्यात घातली. अप्पा म्हणाले, ‘आमच्या तीन हात नाक्यावर टिपलं तर नुसता हॉर्न येईल.’ मग ‘बरी अ फ्रेंड’ लागलं. कुजबुज, ठोके, आणि मध्येच कसलीतरी बारीक, गिरगिरती किंकाळी.

अप्पा ताठ झाले. मान तिरकी झाली, डोळे बारीक झाले. हात आपोआप उजव्या गालावर गेला.

‘हे मी ओळखतो,’ ते म्हणाले. ‘हे दातांचं ड्रिल आहे. खालची दाढ. रूट कॅनल.’

नातीने फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं. ‘काका, खरंच आहे. ती दातांच्या डॉक्टरकडे गेली होती, तिथे टिपलेला आवाज आहे.’

दाढ कुठली ते तिथे दिलेलं नव्हतं. पण पंचेचाळीस वर्षांत अप्पांनी एखाद्या गाण्याचं मूळ बरोबर सांगण्याची माझ्या माहितीतली ही पहिली वेळ. काकूंनी न मागता चहा केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खालच्या बाकावर ज्येष्ठ मंडळी जमली होती. कुणीतरी विचारलं, हल्लीच्या त्या इंग्रजी गाणाऱ्या पोरीचं नातवंडांना एवढं काय वेड लागलंय. अप्पांनी घसा साफ केला. ‘मुलगी चांगली आहे,’ ते म्हणाले. ‘पण मूळची नाही. तिच्यावर आमच्या डेंटिस्टचा प्रभाव आहे.’