मुक्काम पोस्ट सिल्वासा

वापी स्थानकावर उतरून सिल्वासाकडे निघालेला मनुष्य प्रथम गुजरातेत असतो, मग दादरा नामक चिमुकल्या मुलखात शिरतो, तेथून पुन्हा गुजरातेत येतो आणि अखेर नगर हवेलीत दाखल होतो. आणि हे सारे सीमोल्लंघन इतके बिनबोभाट घडते की आपण या घटकेला कोणाच्या हद्दीत आहो याचा एकमेव विश्वसनीय पुरावा म्हणजे रस्त्याच्या कडेची मद्याची दुकाने होत. ती दिसू लागली की केंद्रशासित प्रदेश आला असे समजावे, ती लोपली की दारूबंदीचा गुजरात. नगर हवेलीच्या पोटात पुन्हा मघवाल नावाचे गुजरातेचे एक गाव आहे. तेथील तृषार्ताची चारी दिशांनी काय परीक्षा होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हा घोळ मुळात आपल्याच पूर्वजांनी घातलेला आहे. १७७२ साली मराठ्यांच्या आरमाराने ‘सांताना’ नामक पोर्तुगीज जहाजाची खराबी केली, आणि त्या नुकसानीच्या भरपाईखातर १७७९ च्या तहान्वये पुणे दरबाराने सालिना १२,००० रुपये वसुलाची गावे फिरंग्यांस लावून दिली. १७८३ साली त्यांनी नगर हवेलीचा ताबा घेतला व पुढे दोन वर्षांनी दादरा विकत घेतला. एका जहाजाचा हिशेब भागविण्याकरिता सबंध परगणा तोडून देण्याचा हा औदार्यपूर्ण व्यवहार ज्या दप्तरात नमूद झाला, त्या दप्तरातील कारकुनाला आपण पुढील पावणेदोनशे वर्षांच्या भानगडीचा श्रीगणेशा गिरवीत आहो याची पुसटशीही जाणीव नसावी. नव्या मालकांनी १८८५ साली आपले मुख्य ठाणे दरारा नामक गावाहून सिल्वासाला हलविले आणि गावाला लिस्बनजवळच्या ‘पासु द आर्कुश’ या गावाचे नाव बहाल केले. आपल्याकडील नावाची पाटी उचलून परमुलखात नेऊन ठोकावी, म्हणजे तेथे आपल्या घरासारखे वाटू लागते, या सिद्धांताचा सिल्वासातील तो पहिला प्रयोग. दमणगंगेच्या काठच्या लोकांनी त्या नावाकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्याच सिद्धांताचा ताजा प्रयोग म्हणजे हमरस्त्यावर नुकतेच उघडलेले ते साखळी हॉटेल, ज्यात मला सहकुटुंब मुक्काम करण्याचा योग आला.

आमचा पुतण्या सिल्वासातील एका सुताच्या कारखान्यात अधिकारी आहे. करमाफीच्या आमिषाने येथे जे असंख्य कारखाने आले, त्यांत पॉलिएस्टरच्या धाग्याला पीळ आणि फुगवटा देणारे कारखाने विशेष. पुतण्याने नवे घर घेतले होते, वास्तुशांत करावयाची होती, आणि त्या घरात सासुरवाडीची मंडळी आधीच येऊन ठाण मांडून बसल्यामुळे आमची रवानगी हॉटेलात झाली. “काका, अगदी नवीन आहे हो, साखळीतलं आहे. आत गेल्यावर तुम्हाला मुंबईतच असल्यासारखं वाटेल,” असे त्याने मोठ्या अभिमानाने सांगितले. त्यावर, “अहो, मुंबईतच असल्यासारखं वाटून घ्यायचं होतं, तर ठाण्याहून दादरला गेलो असतो की आपण, इथवर कशाला आलो?” असा जो पृच्छात्मक अभिप्राय आमच्या कुटुंबाने व्यक्त केला, त्याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

साखळी हॉटेलांच्या मूळ पुरुषांत अमेरिकेतील केमन्स विल्सन या गृहस्थाचे नाव घ्यावे लागते. १९५१ साली हे गृहस्थ पत्नी आणि पाच मुले यांसह मोटारीने प्रवासास निघाले असता, जागोजागचे हॉटेलवाले खोलीचे भाडे घेऊन वर प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा आकारू लागले. पाच अपत्यांच्या पित्याला गुणाकाराचा जो संताप येतो तो विल्सनांना आला. परंतु सामान्य पिता जेथे घरी परतून बायकोपाशी कुरकुर करतो, तेथे विल्सनांनी १९५२ च्या ऑगस्टात मेंफिस शहरी हमरस्त्यावर स्वतःचे हॉटेल उघडले. नकाशे काढणाऱ्या वास्तुकाराने थट्टेने त्यावर एका गाजलेल्या चित्रपटाचे नाव लिहून ठेवले होते, तेच कायम झाले, आणि ‘हॉलिडे इन’ या थट्टेच्या शाखा पुढे जगभर निघाल्या. कोठल्याही गावी जा, खोली तीच, खाट तीच, दर ठरलेला, आणि आश्चर्याचा धक्का म्हणून काही शिल्लक नाही, हे त्या कल्पनेचे सार. दूरच्या प्रवासात ढेकणांपासून खानसाम्यापर्यंत सर्वच बाबतींत आश्चर्याचे धक्के सोसलेल्या माझ्या पिढीला हे सार मनापासून पटते, हे मी नाकारीत नाही.

आमचे हॉटेल इतके नवे होते की दारावरील झेंडूचे तोरण पुरते वाळले नव्हते, लिफ्टच्या कळांवरील पातळ प्लास्टिक निघाले नव्हते, आणि रंगाचा वास व तो झाकण्यासाठी फवारलेला अत्तरी वास या दोहोंत रणकंदन माजले होते. पोहण्याचा तलाव होता, परंतु त्यात पाण्याऐवजी ‘लवकरच’ अशी पाटी होती. स्वागतकक्षातील कोवळ्या तरुणाने छातीवर हात ठेवून आमचे स्वागत केले. पुढले वाक्य तो विसरला, शेजारच्या मुलीने ते पुटपुटून त्याला सांगितले, आणि मग त्याने आमच्या प्रवासाविषयी अशी काही आस्थेने चौकशी केली की रंगभूमीवरील नवशिक्या नटाविषयी वाटावी तशी ममता मला त्याच्याविषयी वाटली.

मग नोंदणी. जुन्या धर्मशाळेच्या वहीत नाव, गाव आणि मुक्कामाचे प्रयोजन एवढे लिहिले की प्रवासी पथारी पसरावयास मोकळा होई. येथे आधार कार्डाच्या दोन्ही बाजूंचे चित्र, दूरध्वनीवर येणारा संकेतांक आणि पडद्यावर बोटाने केलेली सही असा तिहेरी बंदोबस्त होता. सही बोटाने करताना ती माझी न राहता एखाद्या दरोडेखोराची वाटू लागली. तरुणाने ती तत्काळ ग्राह्य मानली. मात्र पावती छापताना यंत्र अडले. २६ जानेवारी २०२० पासून दोन केंद्रशासित प्रदेश एकत्र झाल्याने या मुलखाचे अधिकृत नाव ‘दादरा आणि नगर हवेली आणि दमण आणि दीव’ असे झाले आहे, आणि मुख्य कचेरीने दूर कोठेतरी बसून आखलेल्या पावतीच्या रकान्यात एवढी ‘आणि’ मावत नाहीत. परिणामी माझ्या पावतीवर मी ‘दादरा आणि नगर हवेली आणि द’ या प्रदेशात उतरल्याची नोंद आहे. १९५४ साली पोर्तुगीज अंमल उठल्यापासून १९६१ पर्यंत हा मुलूख पोर्तुगालचाही नव्हता आणि कायद्याच्या काटेकोर अर्थाने भारताचाही नव्हता. वरिष्ठ पंचायत नामक मंडळ कारभार पाहत असे. पुढे विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या बरोबरीने सही करणारा कोणीतरी हवा म्हणून बदलानी या सनदी अधिकाऱ्यास एक दिवसापुरते पंतप्रधान करण्यात आले. हॉटेलच्या हिशेबाने एका रात्रीचे भाडे पडेल एवढीच ती कारकीर्द. पण या भूमीवर अर्धवट पावत्यांची परंपरा कशी जुनी आहे, हे तीवरून ध्यानी यावे.

लिफ्टची गोष्ट याहून मनोरंजक. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि कार्ड टेकविल्याखेरीज लिफ्ट वर जाण्यास नाखूश. कार्ड घेऊन कुटुंब आधीच वर गेलेले, मी पावतीचा सोक्षमोक्ष लावीत खाली राहिलेला. लिफ्टचे दार उघडले, मी आत गेलो, दार मिटले, आणि आम्ही दोघेही, म्हणजे मी आणि लिफ्ट, एकमेकांकडे पाहत जागच्या जागी उभे राहिलो. अशा निवांत वेळी मनुष्यास इतिहास आठवतो. १९५४ साली पोर्तुगालचा अंमल उठल्यावर त्या सरकारने भारतावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, की दमणहून आमच्या या गावांकडे जाण्याचा आमचा मार्गाधिकार भारत नाकारतो. १२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निवाडा दिला तो असा, की खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना मार्गाधिकार होता, सैन्य व शस्त्रे यांना नव्हता, आणि भारताने काही गैर केलेले नाही. मी खाजगी व्यक्ती होतो, निःशस्त्र होतो, हातात केवळ एक छत्री आणि तिळगुळाचा डबा होता; तरी लिफ्टने हेगचा निवाडा जुमानला नाही. अखेर तोच तरुण धावत आला आणि आपल्या कार्डाच्या संरक्षणाखाली मला स्वमुलखात पोचवून गेला.

खोली स्वच्छ, थंड आणि निर्दोष होती. खाटेवर इतक्या उशा होत्या की त्या उचलून ठेवावयास दुसरी खाट लागली असती. पांघरूण गादीखाली चहूबाजूंनी असे घट्ट खोचलेले, की पाकिटात पत्र सारावे तसे स्वतःला आत सारावे लागे. खरा पेचप्रसंग न्हाणीघराचा. ते आणि शयनगृह यांच्यामध्ये भिंतीऐवजी पारदर्शक काच होती, काचेला पडदा होता, आणि तो पडदा ओढण्याची दोरी शयनगृहाच्या हद्दीत होती. स्नान करणाराची अब्रू बाहेर बसणाऱ्याच्या मर्जीवर सोपविणारी ही राज्यव्यवस्था कोणत्या घटनाकाराने रचली हे कळण्यास मार्ग नाही. आमच्यासारख्या दीर्घ सहजीवनानंतर लज्जेची कलमे पुष्कळशी शिथिल झालेल्या दांपत्यालाही तीवर स्वतंत्र करारनामा करावा लागला.

न्हाणीघरात सर्व काही होते, फक्त बादली नव्हती. भिंतीतील एक चकचकीत मूठ उजवीकडे फिरविली तर पाणी मस्तकावर, डावीकडे फिरविली तर पायावर, वर उचलली तर कढत आणि खाली दाबली तर भिंतीवर, असा तो संकेत असावा. वरच्या चाळणीतून पडणाऱ्या पाण्याला मी स्नान समजत नाही. अंगावर पडलेले पाणी मोजता आले पाहिजे, आणि मापन तांब्याने होते. स्वागतकक्षाला दूरध्वनी केला. त्यांनी सौजन्याने सांगितले की बादली हा पदार्थ साखळीच्या यादीत नाही.

ही अडचण जिने दूर केली ती बाई खोल्या झाडावयास येणारी, खानवेलकडील एका पाड्यावरची वारली. नव्या गणवेशाच्या कोटात ती बरीच अवघडलेली होती, आणि शिकविलेल्या ‘गुड मॉर्निंग’पलीकडे बोलावे की नाही या संभ्रमात होती, परंतु आमच्या कुटुंबाने मराठीत चार शब्द टाकताच, आणि वारली बोली मराठीचीच सख्खी बहीण असल्यामुळे, दोघींचे असे काही जमले की मी वर्तमानपत्राआड गेलो. खाटेमागच्या भिंतीवर तारपा नाचाचे चित्र छापलेला कागद डकविला होता. वारली चित्रे म्हणजे मूळची गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बायकांनी लग्नकार्यात काढावयाची. त्यांना कागदावर आणून जगभर पोचविले ते डहाणूकडील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी, आणि त्याबद्दल सरकारने त्यांना २०११ साली पद्मश्री दिली. त्या बाईने कागदाकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. तारपा वाजविणारा मध्ये असतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात, हा नियम. येथे नेमक्या तारपेकऱ्याच्या जागी विजेच्या बटणांची पेटी बसविलेली होती, आणि ती सारी त्रिकोणी मंडळी हातात हात गुंफून वातानुकूलन यंत्राच्या बटणाभोवती मनोभावे नाचत होती. पुढे ती बाई कोठूनशी एक हिरवी प्लास्टिकची बादली घेऊन आली. रंगाऱ्यांची असावी, कडेला पांढऱ्या रंगाचे ओघळ होते. त्या बादलीत मी जे स्नान केले त्याला तोड नाही.

सकाळी न्याहारीच्या दालनात सिल्वासाची खरी जमाबंदी पाहावयास मिळाली. सुरतेचे सूतव्यापारी, यंत्रे दुरुस्त करावयास आलेले परप्रांतीय कारागीर, आणि शनिवार-रविवार गाठून गुजरातेतून आलेली काही प्रसन्न मंडळी, ज्यांना आदल्या रात्रीच्या आनंदामुळे न्याहारीत रस नव्हता. पोह्यांवर शेव आणि साखर दोन्ही होती. पाव भाजण्याच्या सरकत्या यंत्रातून पाव एकदा काढला तर पांढरा निघे आणि दुसऱ्यांदा काढला तर काळा; मधला रंग त्या यंत्राला अवगत नव्हता. उकडलेल्या घेवड्याचे टोमॅटोमिश्रित पातेले साखळीच्या यादीत होते म्हणून तेथे होते. त्याला कोणी स्पर्श केला नाही, त्या घेवड्याने कोणाला उपद्रव दिला नाही. वाढणारा मुलगा उत्तराखंडचा. कांदा-लिंबू मागितल्यावर त्याने मुख्य कचेरीची अनुज्ञा वगैरे न पाहता आत जाऊन स्वतः कांदा चिरून आणला.

याच गावात १९५४ च्या भर पावसाळ्यात सुधीर फडके, विश्वनाथ लवंदे, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे प्रभृती मंडळी शिरली आणि २ ऑगस्टला त्यांनी ते मुक्त केले. शस्त्रांसाठी निधी उभारण्याकरिता लता मंगेशकरांनी गाण्याचा कार्यक्रम केला होता. आमच्या खोलीतील छापील नियमावलीप्रमाणे प्रवाशास दुपारी दोनच्या आत खोलीचा ताबा मिळत नाही. ती मंडळी वेळ पाळणारी असती, तर इतिहास काही निराळाच झाला असता.

निघताना दूरध्वनीच्या पडद्यावर पाच तारकांपैकी किती द्याल, असा प्रश्न आला. मी पाचही दिल्या. लवकरच मुख्य कचेरीचे शिक्षक येऊन त्या तरुणाला सर्व वाक्ये पाठ करवितील, मुलाला कांदा चिरण्यापासून परावृत्त करतील आणि बादलीचा शोध लावून ती जप्त करतील, असे चिन्ह मला स्पष्ट दिसले. तेव्हा कामानिमित्त सिल्वासास जाणाऱ्यांनी असे एखादे हॉटेल नवे उघडल्याचे कळताच विनाविलंब जावे. आणि शिक्षक आधीच पोचल्याचे समजले, तर तांब्या-बादली घरून न्यावी.