हात लावून बघ

लंडनला आत्याच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा जानेवारी होता. विमानतळावरून ट्यूब बदलून वॉल्थमस्टोला पोचेपर्यंत बोटं आपलीच आहेत का, अशी शंका यायला लागली होती. दार आतोबांनी उघडलं. मला वाटलं, चहा विचारतील. त्यांनी माझं मनगट धरलं, बुटांसकट पुढच्या खोलीत नेलं आणि भिंतीत बसवलेल्या काळ्याभोर लोखंडावर माझा पंजा टेकवला.

"हात लावून बघ. ओरिजिनल आहे!"

लोखंड बर्फासारखं गार होतं.

आतोबांची फायरप्लेस पेटत नाही. ती बघायची असते. पाहुण्यानं तिच्यासमोर बसावं म्हणून सोफा तिच्याकडे तोंड करून ठेवलाय आणि टीव्ही बिचारा खोलीच्या कोपऱ्यात, वळचणीला उभा राहिल्यासारखा. समोर चूल असताना खोलीत दुसरी ऊब असणं हा चुलीचा अपमान, म्हणून पुढच्या खोलीतला रेडिएटर आतोबा हळूच बंद करून टाकतात. आत्या येऊन हळूच चालू करते. या घरात गेली पंचवीस वर्षं जे काही युद्ध झालं, ते त्या एका चावीवर.

फायरप्लेसचा शोध कालनिर्णयमुळे लागला. घर १८९०च्या आसपासचं, एकाला एक चिकटलेल्या ओळीतलं. आपली चाळच, फक्त प्रत्येकाला वेगळा जिना. अशा घरांत पूर्वी खोलीगणिक चूल असायची. मग १९५२च्या डिसेंबरात लंडनवर तो प्रसिद्ध धुरकट काळोख उतरला, हजारो माणसं गेली, १९५६ला स्वच्छ हवेचा कायदा आला. पुढे घरोघरी रेडिएटर आले आणि लोकांनी या चुलींवर हार्डबोर्ड ठोकून वर वॉलपेपर चिकटवला. आतोबा तिथे कालनिर्णयसाठी खिळा मारायला गेले आणि भिंत 'ढब' वाजली.

संध्याकाळपर्यंत भिंत उघडी पडली होती. तीन पोती काजळी, कसल्याशा पाखराचं घरटं आणि आत बिडाची कमानदार फायरप्लेस, दोन्ही बाजूंना पाच-पाच हिरव्या टाइल. त्यातली डावीकडची तिसरी तडकलेली. त्या टाइलला जोडीदार शोधायला आतोबांनी चार वर्षं घालवली. पाडलेल्या घरांचं सामान विकणाऱ्या वखारींमधून ते रविवारी हिंडत आणि घरी येऊन सांगत, "रंग जुळतोय, पण फूल उलट्या बाजूला वळलंय." "उंची बसते, पण चकाकी जास्त आहे." माझ्या आतेबहिणीची स्थळं त्याच सुमारास चालली होती. फोनवर ऐकणाऱ्याला नक्की कोणाचं चाललंय ते कळत नसे.

तेव्हापासून आतोबांना भिंती वाजवायची सवय लागली. माणसं नारळ वाजवून घेतात, तसे ते कोणाच्याही घरात शिरले की बोटाच्या पेरानं भिंत वाजवतात आणि कान लावतात. साखरपुड्याला गेले तर मुलाकडच्यांच्या भिंती वाजवून आले. "पोकळ आहे" असं त्यांनी समाधानानं सांगितलं. आत्याला ते मुलाबद्दल वाटलं.

मॅन्टलपीसवरच्या वस्तू विषम संख्येतच हव्यात. मध्ये आरसा, त्याखाली घड्याळ, एका बाजूला समई, दुसरीकडे सांगलीच्या वाड्याचा फोटो आणि एक रिकामी फुलदाणी, 'डोळ्याला विसावा' म्हणून. विजेची बिलं, किल्ल्या आणि गोळ्यांच्या डब्या ठेवायला देवानं दिलेली फळी म्हणून आत्या त्याच मॅन्टलपीसकडे बघते. भाद्रपदात तर कहर. कमान, मखर, सगळं आयतंच आहे म्हणून आतोबांनी एका वर्षी गणपती थेट फायरप्लेसमध्ये बसवला. आत्या आरतीचं तबक घेऊन आली आणि दारातच थबकली. "अहो, देवाला चुलीत घातलात!"

त्यांचं व्याख्यान ठरलेलं. काउंट रम्फर्ड नावाच्या गृहस्थानं १७९६ मध्ये फायरप्लेसवर निबंध लिहिला. चुलीची खोली कमी करा, बाजू तिरप्या करा, धुराड्याचा घसा अरुंद करा. धूर वर जाईल, ऊब खोलीत येईल. "आपला घसा रम्फर्डच्या पद्धतीचा आहे," आतोबा अभिमानानं सांगतात. "घसा तुमचाच मोठा," स्वयंपाकघरातून उत्तर येतं.

पुण्याहून कोणीही आलं की आयल ऑफ वाइटला ऑसबर्न हाउसची वारी होते. तिथल्या दरबार हॉलची सजावट लाहोरच्या भाई राम सिंग यांनी केली, १८९०-९१च्या सुमारास, खास व्हिक्टोरिया राणीसाठी. बाकीचे लोक छत बघून माना मोडून घेतात. आतोबा फायरप्लेसवरच्या पिसारा फुलवलेल्या प्लास्टरच्या मोरासमोर हात जोडून उभे. "इंग्रजाच्या चुलीवर आपला मोर! याला म्हणतात कला." परतताना बोटीत ते गप्प असतात. घरचा मॅन्टलपीस त्यांना लहान वाटायला लागलेला असतो.

मुलानं मात्र त्यांना फार दुखावलं. तो जर्सी सिटीत एकतिसाव्या मजल्यावर राहतो. त्यानं व्हिडिओ कॉलवर टीव्ही दाखवला. पडद्यावर लाकडं जळत होती, तडतड आवाजासकट. "बाबा, ही आमची फायरप्लेस." न्यूयॉर्कच्या एका वाहिनीनं १९६६च्या नाताळात असा जळता ओंडका तासन्‌तास दाखवला होता, तेव्हापासूनची ही रीत आहे, अशी माहितीही त्यानं पुरवली. आतोबांनी एवढंच विचारलं, "हात कुठे लावायचा?"

गेल्या फेब्रुवारीत मी तिथे असताना घराचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाला तीन दिवसांनी येणार होता. बाहेर बर्फ. आत्या कानटोपीवर शाल गुंडाळून पुढच्या खोलीत आली आणि म्हणाली, "पेटवा."

आतोबांचा चेहरा पडला. सबबी मात्र चालण्यासारख्या नव्हत्या. न पेटणाऱ्या चुलीचं धुराडं ते दर ऑक्टोबरात झाडून घेतात, वर कॅमेरा घालून तपासतात, हे त्यांनीच शंभरदा सांगितलेलं. बिनधुराच्या कोळशाची पिशवी 'शोभेला' बाजूला ठेवलेलीच होती. काडी ओढणार तेवढ्यात आत्या ओरडली, "अहो, तो फुगा!" गार वारा येऊ नये म्हणून धुराड्यात फुगवून बसवलेला फुगा आतोबांनी कोपरापर्यंत काळे होत बाहेर ओढला.

मग हा माणूस गुडघे मुडपून चवड्यांवर बसला. सत्तरीतला, दोन्ही गुडघ्यांच्या तक्रारी असलेला माणूस. कागदाचे बोळे, त्यावर काटक्या आडव्या-उभ्या, वर मोजका कोळसा. हात सराईत चालत होते. "सांगलीला बंब माझ्याकडे होता," ते मान न वळवता म्हणाले. "अकरा माणसांच्या आंघोळी. फुंकणी आण."

फुंकणी कुठून आणणार? आत्यानं भेटवस्तूंच्या कागदाची पुठ्ठ्याची नळी दिली. आतोबांनी गाल फुगवून दोन फुंकरी मारल्या. काटक्या धरल्या, धूर आधी आमच्याकडे आला, छतावरचा अलार्म किंचाळायला लागला, मी स्टुलावर चढून टॉवेल हलवत राहिलो, आणि खाली हिरव्या टाइलवर पहिल्यांदा उजेड हलला. आतोबांनी कोणाला हात लावायला सांगितलं नाही.

तासाभरात निखारे लाल झाले. आत्या आत गेली आणि चिमट्यात एक काळंशार वांगं घेऊन आली.

"अगं!" आतोबा अर्धे उठले. "त्या टाइल..."

"एवढा विस्तव वाया घालवू?" तिनं वांगं खुशाल निखाऱ्यावर ठेवलं. साल तडकली, चर्रर्र झालं, एक ठिपका उडून डावीकडच्या तिसऱ्या टाइलवर बसला. आतोबांनी तो बोटानं पुसला, बोटाचा वास घेतला आणि खाली वाकून बघितलं.

"फिरव जरा," ते म्हणाले, "देठाकडे कच्चं राहिलंय."