पाच लाखांत दोघं

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर आरोग्यविम्याबद्दल सल्ला मागावा लागत नाही, नुसतं खोकलं तरी मिळतो. प्रत्येकाचा एक भाचा विमा कंपनीत असतो आणि प्रत्येकाच्या शेजाऱ्याला ऐन वेळी क्लेम नाकारलेला असतो. त्यात मला फॉर्म भरून देण्याची जुनी खोड, त्यामुळे सत्तरीच्या वरची मंडळी आधारकार्डाची घडी उलगडत थेट माझ्याकडे येतात.

त्यांची पहिली शंका ठरलेली: "फुकट आहे, म्हणजे काहीतरी गोम असणार." दुसरी त्याहून गोड: "पाच लाख बँकेत जमा होतात का?" होत नाहीत, ते दवाखान्यातल्या उपचारांसाठी असतात, वर्षाला पाच लाखांपर्यंत. 29 ऑक्टोबर 2024 ला केंद्र सरकारने आयुष्मान भारत योजनेचं दार सत्तर पूर्ण केलेल्या सगळ्यांना उघडलं. पेन्शन किती, घर स्वतःचं की भाड्याचं, काही विचारत नाहीत. विचारतात ते फक्त वय, आणि तेही आधारकार्डाला.

इथेच या पिढीची पंचाईत होते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख 1 जून लिहून टाकली होती. कुणी पोळ्याला जन्मलेलं, कुणी शिमग्याला, कुणी "मोठा पूर आला त्या साली". आता सरकारी हिशोबात सगळे एकाच दिवशी सत्तरीचे होतात. एका आजोबांचं म्हणणं, आपण खरे बहात्तरचे आहोत. आधार म्हणतं एकोणसत्तर. मी त्यांना सांगितलं, "आजोबा, गुरुजींनी तुम्हाला तरुण ठेवलंय, आता भोगा." तोवर त्यांनी राज्याच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर भागवावं. 1 जुलै 2024 पासून तिच्यातही कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, आणि पांढऱ्या शिधापत्रिकेलाही आता ती बंद नाही. पांढरं कार्ड म्हणजे सरकारकडून काहीच मिळायचं नाही असं ज्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं, त्यांना हे पटवायला दोन चहा लागतात.

आमच्या सोसायटीतलं एक जोडपं म्हणजे नाना आणि काकू, दोघंही सत्तरीपार. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाच लाख दोघांत? म्हणजे अडीच-अडीच?"

"तसं वाटून नाही काकू. ज्याला जेवढं लागेल तेवढं, पण वर्षभरात मिळून पाच."

"मग झालंच. आधी हेच आजारी पडणार. पंगतीलासुद्धा कायम पहिले हेच बसतात."

नाना वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुझ्यासाठी ठेवीन थोडे."

त्यानंतर आयुष्मान कार्डासाठी ई-केवायसी, म्हणजे ओळख पटवणं. काकूंचा अंगठा यंत्राला कळेना. पन्नास वर्षं भांडी घासलेल्या बोटांवर रेषा राहणार कुठून? ओटीपी मागवला तर तो गेला बंगळुरूला, कारण आधारला मोबाईल नंबर मुलाचा, आणि मुलगा मीटिंगमध्ये. शेवटी चेहऱ्यावरून ओळख पटवायची ठरली. फोन समोर धरून मी म्हटलं, "काकू, डोळे मिचकवा." काकूंनी आधी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या वयात?" तेवढ्यात पापणी लवली आणि काम झालं.

लोक विचारतात, "कुठली योजना निवडू?" खरं तर बहुतेकांना निवडायचं काही नसतंच. निवड करायची ती केंद्र सरकारच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांमध्ये असलेल्यांनी. त्यांना दोन्ही ठेवता येत नाहीत, आणि एकदा पर्याय दिला की दिला. माझं मत विचाराल तर त्यांनी जागचं हलू नये. त्यांच्या योजनेत रोजची औषधंसुद्धा मिळतात, ती सोडून पाच लाखांच्या आकड्याला भुलण्यात शहाणपण नाही. खासगी पॉलिसी असलेल्यांना मात्र हे कार्ड काढूनही ती चालू ठेवता येते.

आणि ठेवावीच. मुलं उत्साहाने सांगतात, "बाबा, आता कशाला भरता प्रीमियम?" बाबांनाही ते ऐकायचंच असतं. पण सोडलेली पॉलिसी परत घ्यायला गेलात, तर जुन्या मधुमेहासाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते. एप्रिल 2024 पासून पासष्टीनंतर नवी पॉलिसी मिळण्यावरची वयाची आडकाठी गेली हे खरं, पण सत्तरीतला प्रीमियम ऐकून आजार परवडला असं वाटतं. सरकारी कार्डाचं कौतुक इथे करायलाच हवं: जुनं दुखणं असलं तरी पहिल्या दिवसापासून चालतं, थांबायला सांगत नाहीत.

चालत नाही ते वेगळंच. नानांची गोळ्यांची डबी बघा: सोम ते रवि सात खण, प्रत्येकाचे सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे, त्यात रक्तदाबाची पांढरी, साखरेची मोठी, आणि एक अर्धी, जी काकू सुरीने कापतात आणि दर वेळी एक तुकडा ओट्याखाली उडतो. या डबीतल्या एकाही गोळीचे पैसे कार्डावर मिळत नाहीत. डॉक्टरांची तपासणी फी नाही, तिमाही रक्तचाचणी नाही. दवाखान्यात दाखल झालात तर आधीचे तीन दिवस आणि घरी आल्यावरचे पंधरा दिवस धरतात, बस. आणि म्हातारपण तर मुख्यतः ओपीडीच्या बाकड्यावरच जातं. योजना ठरवणाऱ्यांनी त्या बाकड्यावर एक सकाळ बसून पाहायला हवं होतं. मोठ्या ऑपरेशनला पाच लाख आहेत, पण ते ऑपरेशन टाळणाऱ्या गोळीला काही नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

दुसरी अडचण दवाखान्याची. "आमचं हॉस्पिटल यादीत आहे," असं लोक छातीठोकपणे सांगतात. असेलही. पण दवाखाने यादीत येतात ते विभागवार. हृदयासाठी असलेला दवाखाना हाडांसाठी असेलच असं नाही. मांडी मोडून गेलेल्या माणसाला हे स्ट्रेचरवर कळावं, यासारखं दुःख नाही. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं एक टेबल असतं. तिथे विचारलं की कळतं, पण आपल्याकडे त्या टेबलापर्यंत लोक पोचतात ते नातेवाइकाला आत नेल्यावर, घामाघूम होऊन, एका हातात फाईल आणि दुसऱ्या हातात फोन.

म्हणून माझं एवढं ऐका. पुढच्या वेळी कुणाला भेटायला दवाखान्यात जाल, तेव्हा शहाळं देऊन झालं की त्या टेबलाशी थांबा. आपली दुखणी सांगा आणि त्यातलं काय इथे कार्डावर होतं ते विचारून घ्या. कार्ड काढायला एक रुपयाही लागत नाही. कुणी मागितला तर देऊ नका, 14555 वर फोन करा.