हौसेला मोल नाही, चिपला आहे

सातारा-सांगलीकडे पोरगं इंजिनिअरिंगला लागलं की पेढे वाटतात. तेच पोरगं ‘स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय’ म्हणालं, की घरचे काळजीने विचारतात, “का रे, विंडोज बिघडलं का?”

सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, अभ्यासक्रमातला ८०८५ प्रोसेसर १९७६ चा. दोघांचाही मान राखून हौशी पोरं आता सिस्टिम लिहायला रिस्क-व्हीकडे वळतात. २०१० मध्ये बर्कलीत जन्मलेल्या या आज्ञासंचाला परवानाशुल्क नाही. आणि फुकट म्हटल्यावर आपला उत्साह विचारूच नका.

मग स्वस्त बोर्डांचा शोध सुरू होतो. पाच डॉलरच्या रास्पबेरी पाय पिको २ वर रिस्क-व्हीचे दोन कोअर मिळतात. पठ्ठ्या खूश! एमएमयू नाही, म्हणजे युनिक्ससारखी आभासी मेमरी विसरा, हे कुरिअरवाल्याला चहा पाजल्यावर कळतं. दुसरा बोर्ड त्याहून दमदार. पण त्याचं मॅन्युअल अर्धवट आणि तेही चिनीत. ही पाण्यातल्या म्हशीची खरेदी. स्वदेशीचा अभिमान असलेल्यांसाठी मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ आहेत; पण त्यांची चौकशी करण्याआधीच परदेशी ऑर्डर गेलेली असते.

गंमत म्हणजे सगळ्यात स्वस्त यंत्र घरातच असतं. क्यूएमू हा एम्युलेटर फुकट आहे. एमआयटीचे विद्यार्थी एक्सव्ही६ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम त्यावरच चालवून शिकतात. तेव्हा बाळांनो, कर्नल आधी तिथे उभा करा, पाकीट नंतर काढा. आणि बोर्ड घेताना किमतीआधी मॅन्युअल वाचा.